संध्याकाळ झाली की चित्र फुटतं: सी-बँड छत्रीत ५जी शिरल्याचं निदान आणि उपाय

आधी लक्षणं. यातली तीन-चार तुमच्याकडे एकत्र दिसत असतील, तरच पुढच्या तपासण्या तुमच्या कामाच्या.

- रिसीव्हरवर स्ट्रेंथ भरपूर, नेहमीपेक्षा जास्तच, पण क्वालिटी खाली-वर नाचते.
- सकाळी सहा-सातला सगळं ठीक असतं. संध्याकाळी सातनंतर चौकोन पडायला लागतात आणि रात्री अकरानंतर आपोआप सुधारतं.
- पाऊस नाही, वारा नाही, आकाश निरभ्र आहे, तरी चित्र गोठतं.
- एकाच छत्रीवरचे हॉरिझॉन्टल आणि व्हर्टिकल (आडव्या आणि उभ्या पोलरायझेशनचे) दोन्हीकडचे चॅनल बिघडतात, एखादाच ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपण-पट्टा, त्यावर बरेच चॅनल असतात) नाही.
- एचडीचे, म्हणजे बहुधा ८पीएसके मॉड्युलेशनवरचे (सिग्नलमध्ये जास्त माहिती कोंबणाऱ्या पद्धतीचे) चॅनल आधी जातात. क्यूपीएसकेवरचे (कमी माहिती भरणाऱ्या पद्धतीचे) तग धरतात.
- जवळच्या टॉवरवर नवे चपटे अँटेना लागल्यापासून हे सुरू झालं.

मी केबलच्या कंट्रोल रूम सांभाळतो. आमच्या भागातल्या लहान गावांमधल्या हेडएंडच्या (उपग्रहाचे चॅनल घेऊन केबलवर सोडायच्या जागेच्या) छत्र्या बसवणं, जुळवणं, दुरुस्त करणं हेच माझं काम. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं. ते तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचलं, तसे मला एकाच तक्रारीचे फोन येऊ लागले: "दादा, एलएनबी गेली वाटतं, नवी घेऊन या." पहिल्या पाच-सहा ठिकाणी मीही नवी एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडून वाढवणारा भाग) घेऊन गेलो. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. एलएनबी गेलेलीच नव्हती. तिच्या तोंडात दुसराच आवाज ओरडत होता.

हे नसेल, याची खात्री

पाऊस पडल्यावरच बिघडत असेल, तर आधी कनेक्टरमधलं पाणी बघा. मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारच्या सुमारास रोज काही मिनिटं सगळं जात असेल, तर सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतोय. त्याला सन आउटेज म्हणतात. काही दिवसांत तो आपोआप संपतो, छत्रीला हात लावू नका. फक्त एकच ट्रान्सपाँडर गेला असेल, तर फ्रिक्वेन्सी किंवा सिम्बॉल रेट (सिग्नलमधल्या डेटाचा वेग) बदलला का, ते चॅनलवाल्यांना विचारा. वादळानंतर सुरू झालं असेल, तर छत्री हललेली आहे. अशा वेळी स्ट्रेंथ आणि क्वालिटी दोन्ही पडतात, आणि दिवसभर पडलेल्याच राहतात.

नेमकं काय घडतं

हा भाग गाळू नका. हे समजलं नाही, तर चुकीच्या जागी फिल्टर लावून पैसे वाया जातात. मी ते होताना अनेकदा पाहिलं आहे.

सी-बँडचा उपग्रह आपल्याला ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झवर सिग्नल पाठवतो. इतकी वरची फ्रिक्वेन्सी साध्या कोॲक्स केबलमधून खाली आणली तर वाटेतच विरते. म्हणून एलएनबी आधी तो क्षीण सिग्नल वाढवते आणि मग आपल्या आतल्या ५१५० मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरशी मिसळते. दोघांमधला फरक केबलमधून खाली येतो. ४२०० चा सिग्नल ९५० वर येतो, ३७०० चा १४५० वर. ऑसिलेटर वरच्या बाजूला असल्यानं पट्टा उलटतो. वरची फ्रिक्वेन्सी खाली जाते, खालची वर येते. मीटरवर बघताना हे डोक्यात ठेवा.

आता ५जी. २०२२ च्या लिलावात मोबाइल कंपन्यांना ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. आपला पट्टा ३७०० ला सुरू होतो, म्हणजे मधे मोकळी जागा फक्त ३० मेगाहर्ट्झची. कागदावर दोघं वेगळे आहेत. पण बाजारातल्या बहुतेक जुन्या एलएनबी ३४०० ते ४२०० अशा रुंद पट्ट्याच्या आहेत. कधीकाळी ३४०० ते ३७०० मध्येही उपग्रहाचे चॅनल होते, म्हणून त्या तशा बनवल्या गेल्या. अशा एलएनबीला ५जीचा सिग्नल परका वाटतच नाही. ती त्यालाही आपलाच समजून साठ डीबीनं, म्हणजे दहा लाख पट वाढवते.

ताकदीचा अंदाज मी एकदा कागदावर काढला. ३६ हजार किलोमीटरवरून आलेला एका ट्रान्सपाँडरचा सिग्नल १२ फुटी छत्रीनं गोळा केल्यावर साधारण उणे ८५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास भरतो. तीनशे मीटरवरच्या टॉवरचा झोत छत्रीकडे असेल, तर तो कडेनं शिरूनही उणे २५-३० पर्यंत जाऊ शकतो. फरक पंचावन्न-साठ डीबीचा, म्हणजे काही लाख ते दहा लाख पट. एलएनबी त्याच्या कितीतरी आधी भरून जाते. भरली की दोन गोष्टी होतात. एक, तिची वाढवण्याची ताकद आपल्या सिग्नलपुरतीही घटते. दोन, आत आलेले जोरदार सिग्नल एकमेकांत मिसळून नवे खोटे सिग्नल तयार होतात. उदाहरणार्थ ३६५० आणि ३५५० एकत्र आले, की ३७५० वर भूत उभं राहतं. ते थेट आपल्या पट्ट्यात पडतं.

हे सगळं एलएनबीच्या पोटात, फ्रिक्वेन्सी खाली उतरण्याआधी आणि उतरताना होतं. म्हणून एलएनबीनंतर केबलवर कितीही चांगला फिल्टर लावला, तरी ३७५० च्या जागी बसलेलं भूत तो काढू शकत नाही. दूध नासल्यावर गाळून त्याचं पुन्हा दूध होत नाही. गाळणी लागते ती एलएनबीच्या आधी.

संध्याकाळीच त्रास का? ५जीचा टॉवर जितके लोक वापरतील तितका जास्त वेळ प्रक्षेपण करतो. सात ते अकरा गावभर मोबाइल चालू असतात, आणि आपल्याकडेही टीव्ही तेव्हाच बघतात.

आता तपासण्या. क्रम मोडू नका. वरच्या फुकटच्या आहेत.

१. वही आणि पेन

दोन दिवस दर दोन तासांनी स्ट्रेंथ, क्वालिटी आणि जमलं तर सी/एन (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे, ते) लिहून ठेवा. एका क्यूपीएसके आणि एका ८पीएसके चॅनलचे आकडे घ्या. डीव्हीबी-एस२ (उपग्रह टीव्हीची प्रसारण पद्धत) मध्ये क्यूपीएसके ३/४ ला (चारातले तीन भाग खरी माहिती, एक भाग चुका सुधारायला) साधारण ४ डीबी सी/एन पुरतो, ८पीएसके ३/४ ला ८ डीबी लागतो. म्हणून नासाडी सुरू झाली की आधी ८पीएसके पडतं. ही वही नसली, तर पुढं प्रत्येक बदलानंतर "बरं वाटतंय" एवढंच सांगता येईल, आणि "बरं वाटतंय" वर मी दोनदा फसलो आहे. सकाळी केलेली दुरुस्ती सकाळी चांगलीच दिसते. खरी परीक्षा रात्री नऊला.

२. खिशातला मोबाइल आणि शेजाऱ्याचं डबडं

गच्चीवर जाताना तुमचा आणि बरोबरच्या माणसाचा मोबाइल विमान मोडवर टाका. ५जी मोबाइल टॉवरच्याच पट्ट्यात उत्तर देतो. छत्रीपासून तीन मीटरवर उभ्या माणसाच्या हातातला फोन दूरच्या टॉवरइतका जोरात ऐकू येऊ शकतो. मीटर एका हातात, मोबाइलवर बोलणं चालू, आणि आकडे नाचतायत म्हणून छत्री फिरवणारा माणूस मी पाहिला आहे.

मग आजूबाजूला बघा. ५जीवर चालणाऱ्या घरगुती इंटरनेटचं बाहेर बसवायचं पांढरं डबडं हल्ली बऱ्याच गच्च्यांवर दिसतं. ते छत्रीच्या चार-पाच मीटरमध्ये असेल, तर दहा मिनिटं बंद करायला सांगा आणि आकडा बघा. एका गावात तीन आठवडे मी टॉवरला दोष देत होतो. शेवटी शेजारच्या घरमालकांनी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या खोलीमागं ते डबडं हलवलं आणि तक्रार संपली. एक रुपया लागला नाही. लोकांशी गोडीनं बोलावं, त्यांचं इंटरनेटही त्यांच्या कामाचं असतं.

घरातल्या वायफायवर मात्र आळ घेऊ नका. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जास्तीत जास्त ५८२५ च्या आसपास असतं. ५१५० शी फरक ६७५ येतो, तो आपल्या ९५० ते १४५० च्या बाहेर. २४५० चं वायफाय धरलं तर फरक २७०० येतो, तोही बाहेर. एलएनबीची प्रतिमा फ्रिक्वेन्सी, म्हणजे ऑसिलेटरच्या पलीकडची जुळी बाजू, ६१०० ते ६६०० मध्ये पडते. ती एलएनबीच्या आतलाच फिल्टर दाबतो. या दुखण्यात ती मला अजून आढळलेली नाही.

३. कनेक्टर आणि केबल

प्रत्येक एफ कनेक्टर उघडा. आतली तार काळी-हिरवी झाली असेल, जाळीची एखादी तार आतल्या तारेला टेकत असेल, तर कापून नवा लावा. पीळ देऊन बसवायचे कनेक्टर फेकून द्या. कंप्रेशनचे घ्या, वर वॉटरप्रूफ टेप गुंडाळा.

हे एवढ्यासाठी, की ५जीशिवायही केबलच्या वाटेनं मोबाइल शिरतो. ९०० च्या पट्ट्यात टॉवरचं प्रक्षेपण ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झवर चालतं. आपल्या ४१९० ते ४२०० वरचे चॅनल केबलमध्ये ९५० ते ९६० वर असतात. केबलची जाळी तुटकी असेल, तर तिथं थेट मोबाइल घुसतो. घरगुती डीडी फ्री डिशच्या केयू-बँड (सी-बँडहून वरचा पट्टा) एलएनबीचा ऑसिलेटर ९७५० चा असतो. ११५९० चा ट्रान्सपाँडर त्यात १८४० वर उतरतो, आणि १८०० च्या मोबाइल पट्ट्याचं प्रक्षेपण १८०५ ते १८८० मध्ये आहे. म्हणून फ्री डिशवर एकाच ट्रान्सपाँडरचे चॅनल गायब होत असतील, तर दहापैकी आठ वेळा मला दोष केबलमध्ये किंवा भिंतीतल्या जोडात सापडला आहे.

रिकामे स्प्लिटर पोर्ट उघडे ठेवू नका, ७५ ओहमचं टर्मिनेटर लावा. वीज कुठून जातेय तेही पाहा. ज्या पोर्टमधून एलएनबीला व्होल्टेज जातं, त्यावर चुकून डीसी अडवणारं टर्मिनेटर किंवा फिल्टर बसला, तर एलएनबीच बंद पडेल.

४. मीटर थेट छत्रीखाली

दोन मीटरची नवी केबल घ्या आणि एलएनबीतून थेट मीटरला जोडा. स्प्लिटर, वाढवणी (मधला ॲम्प्लिफायर), खाली जाणारी लांब केबल, सगळं बाजूला. इथं क्वालिटी चांगली आणि खाली कंट्रोल रूममध्ये वाईट, तर दोष मधल्या वाटेत आहे. पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर जा. इथंही नाचत असेल, तर दोष एलएनबीपाशी आहे.

मीटरला स्पेक्ट्रम दिसत असेल, तर १४५० च्या वर बघा. ३६७० ते ३३०० चा ५जी पट्टा एलएनबीतून १४८० ते १८५० वर येतो. तिथं टेबलासारखा सपाट, रुंद उंचवटा उभा असेल आणि आपले ट्रान्सपाँडर त्याच्या पायाशी गवतासारखे दिसत असतील, तर निदान झालं. त्या पडद्याचा फोटो काढा, वेळ आणि तारीख वहीत लिहा. पुढं कोणाकडे तक्रार करायची वेळ आली, तर हा फोटो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

५. दहा डीबीचं ॲटेन्युएटर

सिग्नल मुद्दाम कमी करणारी अडीच-तीनशे रुपयांची ही वस्तू माझ्या पिशवीत कायम असते. डीसी पास होणारं घ्या. एलएनबीच्या लगेच नंतर लावा आणि आकडा बघा.

सिग्नल कमी करूनही क्वालिटी सुधारली, तर एलएनबी अजून भरलेली नाही. भरलाय तो पुढचा ॲम्प्लिफायर किंवा रिसीव्हर. इथं केबलवरचा ९५० ते १४५० चा स्वस्त फिल्टर खरंच काम करतो. काही ठिकाणी तर मधली वाढवणी काढून टाकली की पुरतं. क्वालिटी तशीच राहिली किंवा आणखी घसरली, तर नासाडी एलएनबीच्या आत झाली आहे, आणि केबलवरच्या कुठल्याही फिल्टरवर पैसे घालवू नका.

क्वालिटी कमी दिसली की लाइनमध्ये ॲम्प्लिफायर वाढवायचा, ही आपल्या धंद्यातली जुनी सवय आहे. या दुखण्यात ती घातक ठरते.

६. पत्र्याची चाचणी

ही मला सगळ्यात आवडते, कारण एका पत्र्यानं टॉवरची दिशा कळते. चार बाय तीन फुटाचा साधा पत्रा घ्या. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळीही चालेल. साडेतीन गिगाहर्ट्झची लहर साडेआठ सेंटिमीटरची असते, इतक्या बारीक जाळीतून ती जवळजवळ जात नाही. दोघांनी पत्रा धरून छत्रीच्या कडेनं हळूहळू फिरायचं, तिसऱ्यानं मीटर वाचायचा. पत्रा छत्री आणि उपग्रह यांच्या मधे येता कामा नये, फक्त कडेला उभा राहिला पाहिजे.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडून ६६ ते ८३ अंश पूर्वेचे उपग्रह आकाशात ६५ ते ७० अंश उंचीवर, दक्षिणेकडे दिसतात. म्हणजे छत्री जवळजवळ आडवी पडलेली असते आणि फीडहॉर्नचं (छत्रीनं गोळा केलेला सिग्नल एलएनबीत नेणाऱ्या नळकांड्याचं) तोंड खाली, थोडं उत्तरेकडे असतं. ते छत्रीच्या कडेवरून पलीकडे डोकावतं ते उत्तरेच्या क्षितिजाकडे. म्हणून "टॉवर छत्रीच्या मागं आहे, आपल्याला काय त्रास" हे गणित चुकतं. उत्तरेकडचा टॉवर कडेवरून सरळ फीडच्या तोंडात येऊ शकतो. छत्री जाळीची असेल आणि जाळी फाटली असेल, तर तिच्यातूनही शिरतो. मी पत्रा आधी उत्तरेच्या कडेलाच धरतो.

ज्या जागी पत्रा धरल्यावर सी/एन दोन-तीन डीबीनं उडी घेतो, ती त्रासाची दिशा. अनेकदा तिथंच कायमची जाळीची भिंत उभारून काम होतं. कडेपेक्षा दोन-अडीच फूट उंच, भक्कम लोखंडी चौकटीत, वाऱ्याला दाद न देणारी. जाळी घ्या, पत्रा नको. जूनमधल्या वाऱ्यात पत्र्याचं शीड होतं आणि ते उडालं तर खाली माणसं आहेत.

७. एलएनबी बदलणं, पण लेबल वाचून

आता एलएनबीवर पैसे घालायला हरकत नाही. लेबलवर "३.४–४.२" असेल, तर ती बाजूला. "३.७–४.२" हवी. ५जी फिल्टर आतच बसवलेल्या एलएनबी आता मिळतात. विकणारा "१५ केल्विन" (एलएनबीच्या स्वतःच्या गोंगाटाचं माप) मोठ्या अक्षरात दाखवेल, तुम्ही मात्र ३६७० किंवा त्याच्या जवळ किती डीबी दाबते ते विचारा. ३५०० ला पन्नास डीबी दाबणारी वस्तू ३६७० ला पंधराच दाबत असेल. फिल्टरची भिंत सरळ नसते, उतरती असते, आणि आपल्याकडं दोघांमधली जागा तीसच मेगाहर्ट्झची आहे. हा आकडा देता येत नसेल, तर मी ती वस्तू घेत नाही.

टॉवर अर्धा किलोमीटरच्या पलीकडे असेल, तर माझ्या अनुभवात बहुतेक काम इथं संपतं.

८. वेव्हगाइड फिल्टर

टॉवर शेजारच्याच इमारतीवर असेल, तर हाच उपाय. ॲल्युमिनियमचा लांबट पोकळ ठोकळा, दोन्ही बाजूंना फ्लँज (बोल्टनं जोडायची सपाट कड), फीडहॉर्न आणि एलएनबी यांच्या मधे बसतो. नासण्याआधीची गाळणी ती हीच. किंमत काही हजारांत जाते, आणि दोन पोलरायझेशनसाठी दोन लागतात.

बसवताना चुका होतात त्या अशा. पहिली: फीडहॉर्न आणि एलएनबी एकाच साच्यात असलेल्या स्वस्त जोडएलएनबीला फ्लँजच नसतो. तिथं आधी ओएमटी (दोन पोलरायझेशन वेगळी करणारा जोड) असलेला वेगळा फीड आणि दोन सुट्या एलएनबी घ्याव्या लागतात. हा खर्च आधीच मालकांना सांगा, नंतर वाद होतो. दुसरी: ठोकळा मधे घातला म्हणून फीडहॉर्न पुढं-मागं सरकू देऊ नका. फीडचं तोंड होतं तिथंच राहिलं पाहिजे, एलएनबी मागं जाईल. फोकस दोन सेंटिमीटरनं हलला तरी फिल्टरचा फायदा त्यातच जातो. तिसरी: वजन. दोन फिल्टर आणि दोन एलएनबी मिळून फीडचे पाय वाकतात. चौथा आधार द्या किंवा तार ताणून बांधा. चौथी: फ्लँजमधली रबरी रिंग. ती विसरली तर पहिल्या पावसात वेव्हगाइडमध्ये पाणी. सगळे बोल्ट समोरासमोरचे जोडीनं, थोडे थोडे आवळा.

फिल्टर लावल्यावर निरभ्र सकाळचा सी/एन अर्धा ते दीड डीबी कमी दिसेल. घाबरू नका. फिल्टरमध्ये ०.३ डीबी जरी गेले, तरी त्यापायी जवळपास २० केल्विनचा जादा गोंगाट येतो, म्हणजे चांगल्या एलएनबीच्या स्वतःच्या गोंगाटाइतका. रात्री नऊला मिळणारा फायदा त्याहून कितीतरी मोठा असतो. पण छत्री आधीच लहान असेल, आठ फुटी असेल, आणि ८पीएसके काठावरच चालत असेल, तर हा दीड डीबी परवडणार नाही. तिथं मोठी छत्री किंवा पुढचा उपाय.

९. छत्री खाली आणणं

पाण्याच्या टाकीवर बसवलेली छत्री गच्चीच्या फरशीवर, कठड्याच्या आड आणली, किंवा इमारतीच्या टॉवरविरुद्ध बाजूच्या अंगणात आणली, तर भिंत फुकटात काम करते. आपल्याकडं उपग्रह इतका उंच असतो, की आठ-दहा फूट उंच भिंतीच्या जवळही छत्रीला आकाश मोकळं मिळतं. मेहनत मोठी, नवा पाया घालावा लागतो, केबल लांबते. म्हणून हा शेवटी. पण नवी कंट्रोल रूम बांधत असाल, तर हा पहिलाच विचार असू द्या. छत्री उंच असली की सिग्नल चांगला, ही समजूत जमिनीवरच्या टीव्ही केंद्राकडे अँटेना लावायच्या काळातली आहे. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला तुमचे वीस फूट कळत नाहीत, टॉवरला मात्र कळतात.

इथं थांबा, जाणकाराला बोलवा

छत्रीच्या किंवा शिडीच्या पोहोचेत ११ केव्हीची तार असेल, तर कामच सुरू करू नका. वीज मंडळाच्या माणसाकडून पुरवठा बंद करवून घ्या. बारा फुटी छत्री एकट्या-दुकट्यानं हलवू नका. ती निसटली तर धरून थांबत नाही. कठड्याशिवायच्या गच्चीवर दोरीशिवाय पत्र्याची चाचणी करू नका. आभाळ गरजत असताना वर जाऊ नका. मोबाइल टॉवरवर चढणं, त्याच्या अँटेनाला हात लावणं, दिशा बदलायला परस्पर कुणाला पैसे देणं, यातलं काहीही करू नका. "जॅमर लावून टाकू" असं सुचवणारे भेटतात. तो गुन्हा आहे, आणि त्यानं शेजारच्या दवाखान्याचा फोनही बंद पडतो.

वेव्हगाइड फिल्टर नीट बसला, जाळी उभी आहे, तरीही रात्री क्वालिटी पडते, असं झालं तर साध्या मीटरनं पुढं जाता येत नाही. त्रास ३७०० च्या आतच कुठून तरी येत असेल. बिघडलेला टॉवर असेल, कुणी बेकायदा बसवलेला मोबाइल बूस्टर असेल. इथं स्पेक्ट्रम ॲनालायझर आणि दिशा शोधणारा अँटेना असलेला अभियंता लागतो. चॅनलवाल्यांच्या किंवा तुमच्या मोठ्या एमएसओच्या (लहान केबलवाल्यांना चॅनल पुरवणाऱ्या कंपनीच्या) तांत्रिक विभागाला कळवा, त्यांच्याकडं ही साधनं असतात. आपल्या पट्ट्याच्या आत परका सिग्नल आहे हे ठरलं, तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेकडे तक्रार जाते. उपग्रहांच्या सिग्नलवर लक्ष ठेवणारं त्यांचं भूकेंद्र आपल्याच राज्यात, जालन्याला आहे.

तक्रारीसोबत काय द्यायचं: छत्रीच्या जागेचे अक्षांश-रेखांश, उपग्रह आणि त्याचं स्थान, बिघडणाऱ्या ट्रान्सपाँडरची फ्रिक्वेन्सी, एलएनबीच्या लेबलचा आणि बसवलेल्या फिल्टरचा फोटो, सकाळच्या आणि रात्रीच्या स्पेक्ट्रमचे दोन फोटो एकाच प्रमाणात, पत्र्याच्या चाचणीत सापडलेली दिशा अंशात, आणि पहिल्या क्रमांकातली वही. फिल्टरचा फोटो वगळू नका. रुंद पट्ट्याची एलएनबी उघडी ठेवून केलेली तक्रार पहिल्याच फोनवर परत येते, कारण ३७०० च्या खालचं रोखणं ही आपली जबाबदारी धरली जाते.